मुक्कामी गाडीचं ॲव्हरेज

सुरुवातीलाच माफी मागतो. आमच्या घरात लग्नपत्रिकेवरची नावं सोडली तर आजवर कुणी काही लिहिलेलं नाही. कॉलेजात जाणारा मी घरातला पहिला. चंद्रपूरला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला आहे, आणि तिथं जे लिहावं लागतं ते बहुतेक आधी कुणीतरी लिहिलेलंच असतं. स्वतःच्या मनानं काही पानं लिहावीत एवढी माझी लायकी आहे असं मला वाटत नाही. त्यात विषयही असा की एक गाडी किती वेगानं चालवली तर डिझेल कमी खाते. वाचणाऱ्याला यातून काय मिळेल ते मला सांगता येणार नाही. पण या प्रश्नामागे आम्ही एक हिवाळा घालवला, आणि मी काढलेल्या उत्तरावर घरातल्या दोन माणसांचं जाणं अडून बसलं. म्हणून लिहितो. जमलं नाही तर वाचणाऱ्यानं मधेच सोडून द्यावं.

गाडी माझ्या मोठ्या बाबांची. मोठे बाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. ते सरकारी बसवर ड्रायव्हर होते. नोकरीतला बराच काळ त्यांनी मुक्कामी गाडी चालवली. मुक्कामी गाडी संध्याकाळी शेवटच्या गावाला जाते, रात्रभर तिथंच उभी राहते आणि पहाटे तिथली माणसं घेऊन परत निघते. गडचिरोली जिल्ह्यात अशी शेवटची गावं पुष्कळ आहेत. एटापल्लीकडे, भामरागडकडे, खाली सिरोंच्याकडे. रस्ता नदीपाशी नाहीतर जंगलापाशी येतो आणि संपतो. तिथं मोठे बाबा आणि कंडक्टर बसमध्येच झोपायचे. उन्हाळ्यात टपावर, थंडीत सीटांच्या मधल्या वाटेत पेपर अंथरून.

इकडे घरी मोठी माय, म्हणजे त्यांची बायको, एकटी. आमचं आणि त्यांचं अंगण एकच आहे. मूल-सावलीच्या बाजूला आमचं गाव, धानाची शेती. मी लहान असताना मोठ्या मायला कुणी विचारलं, "भाऊ कुठी हायेत?" तर ती म्हणायची, "रस्त्याच्या शेवटाले." ती हे चिडून म्हणायची नाही. पत्ता सांगावा तसं सांगायची.

रिटायर झाल्यावर मोठ्या बाबांनी एक जुनी मिनीबस घेतली. कोरपन्याकडच्या एका सिमेंट कारखान्यात ती कामगारांना शिफ्टला ने-आण करत होती. गाडी कितीही धुतली तरी खिडक्यांच्या खाचांतून सिमेंटची पांढरी भुकटी निघायची. अजूनही निघते. ती त्यांनी चंद्रपूरला ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका चाचांकडे नेली आणि सगळ्या सीट काढायला लावल्या. त्या जागी एक पलंग, गॅसची शेगडी ठेवायला ओटा, भांड्यांचं कपाट आणि मागच्या बाजूला पडदा लावून न्हाणी. छपरावर पाण्याची काळी प्लास्टिकची टाकी, घराच्या स्लॅबवर असते तशीच. चाचा काम करता करता म्हणाले होते, "लोग घर बेच के गाडी लेते, ड्रायव्हरसाब. तुम गाडी लेके घर बना रहे." मोठे बाबा म्हणाले, "घर तं आहेच. हे मुक्कामाले."

शहरात अशा गाडीला मोटरहोम म्हणतात हे मी त्यांना सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं. नंतरही ते तिला मुक्कामी गाडीच म्हणत राहिले.

त्यांच्या मनात एकच होतं. ज्या ज्या गावांत त्यांनी रात्री काढल्या ती गावं मोठ्या मायला दाखवायची, आणि तिथं तिच्यासोबत एकेक रात्र राहायचं. तीर्थयात्रा नाही, समुद्र नाही. ते अंगणात हे सांगत होते तेव्हा मोठी माय धान पाखडत होती. तिनं हातातलं सूप थांबवलं नाही.

"जिंदगीभर तुमच्या गाडीची वाट पाह्यली," ती म्हणाली. "आता गाडीत बसून कोणाची पाहू?"

"वाट कायले पाहाची. मी तं सोबतच हावो ना."

"अन् डिझेल? एवढं मोठं घर ओढून न्याचं. लाल गाडीत बायांले अर्धं तिकीट हाये."

"हे कमी खाते."

"किती देते?"

ॲव्हरेज किती देते, असा त्याचा अर्थ. आमच्याकडे मोटरसायकल घेतली तरी पहिला प्रश्न तोच असतो. मोठे बाबा चाचरले. त्यांनाही माहीत नव्हतं.

"गावातल्या पोरायची मोटरसायकल पन्नास देते," मोठी माय म्हणाली. "तुमचं घर दहा तरी देते का? दहा देईल तं येतो मी."

दहा हा आकडा कुठून आला ते कुणालाच कळलं नाही. तिलाही बहुधा माहीत नसावं. पण तिनं तो म्हटला आणि तो अंगणात तसाच राहिला. मोठ्या बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दिवाळीच्या सुट्टीवर आलो होतो.

"हा पाहून सांगते," ते म्हणाले. "हा त्याचंच शिकून राह्यला."

"त्यानं सांगतलं तं मानतो," मोठी माय म्हणाली. "तुमचं नाई मानत."

अशा रीतीनं ते काम माझ्याकडे आलं. मला भीती वाटली, आणि थोडं बरंही वाटलं. माझं शिक्षण घरातल्या कुणाच्या उपयोगाला येण्याची ती पहिलीच वेळ होती. शिवाय कॉलेजात एक छोटा प्रोजेक्ट द्यायचा होता, त्यालाही हा विषय चालणार होता.

पद्धत साधी होती. मूलच्या पंपावर टाकी काठोकाठ भरायची, ठरलेल्या वेगानं ठरलेल्या रस्त्यावर जाऊन यायचं, आणि त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्यांदा जितकं डिझेल बसलं तितकं जळालं. यात एक काळजी घ्यावी लागते. गाडी दोन्ही वेळा त्याच जागी, त्याच तोंडानं उभी करायची. जमीन थोडी जरी उतरती असली तरी टाकीत डिझेल कमी-जास्त बसतं. हे मला पंपावरच्या माणसानं सांगितलं नाही की पुस्तकातही सापडलं नाही. आधी एकदा नुसतं करून पाहिलं आणि हिशेब वेडावाकडा आला, तेव्हा कळलं.

वेग किती ठेवायचा यावर आमचे मतभेद होते. मोठ्या बाबांचं म्हणणं, चाळीस. डेपोत त्यांना तेच शिकवलं होतं, आणि ज्या ड्रायव्हरचं ॲव्हरेज चांगलं त्याचं नाव फळ्यावर लागायचं. त्यांचं नाव पुष्कळदा लागलेलं आहे. मला वाटत होतं साठ, कारण वरच्या गिअरमध्ये इंजिन साठला निवांत असतं. म्हणून चाळीस, पन्नास, साठ आणि सत्तर असे चार वेग करून पाहायचं ठरलं. गाडीचा काटा भरवशाचा नव्हता. मी बाजूला बसून मोबाईलवर वेग पाहायचा आणि "थोडं कमी", "थोडं वाढवा" असं म्हणायचं.

पहिला दिवस चाळीसचा. रस्ता मूलहून सावलीवरून गडचिरोलीचा. धान कापून झालेलं, बांध्यांत नुसती खुंटं, रस्त्याच्या कडेनं पुंजणे, म्हणजे धानाच्या गंज्या. सकाळी धुकं होतं, ते उतरल्यावर निघालो. दोन-तीन किलोमीटर छान गेलो. मग एका फाट्यावर एक बाई गाठोडं घेऊन उभी होती. तिनं हात दाखवला. मोठ्या बाबांनी गाडी थांबवली.

मी म्हणालो, "मोठे बाबा, थांबलो तर हिशेब बिघडेल."

"हात दिसला ना," ते म्हणाले. "हात दिसला का पाय ब्रेकवर जाते. मी कुठी नेतो."

तोवर बाई चढलीसुद्धा होती. ती पलंगाकडे पाहून दारातच थबकली.

"ही कोणती बस होय गा? सीटा कुठी गेल्या?"

"बसा बाई, पलंगावर बसा," मोठे बाबा आरशातून म्हणाले. "कुठी जाचं?"

"सावलीले. पण मी बिमार नाई, सांगून ठेवतो." तिला तो फिरता दवाखाना वाटला होता.

पुढच्या फाट्यावर दोन कॉलेजच्या मुली चढल्या. त्यापुढे एक माणूस नांगराचा फाळ घेऊन. पहिली बाई आता पलंगावर मांडी घालून बसली होती आणि येणाऱ्याला सांगत होती, "सरकारनं नवीन काढली. झोपून जाता येते." मुली मोबाईलवर फोटो काढत होत्या. फाळवाल्यानं ओटा हात लावून पाहिला आणि विचारलं, "चहा भेटते का?" तिकीट कुणी काढायचं हा प्रश्न आला तेव्हा मोठे बाबा म्हणाले, "तिकीट नाई. प्रयोग चालू हाये." ते ऐकून फाळवाला थोडा सावध झाला आणि पुढच्याच गावाला उतरला.

परत आल्यावर पंपावर डिझेल भरलं. लिटरला सात किलोमीटरच्याही आत. हा चाळीस वेगाचा आकडा नव्हता. हा त्या रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसांचा आकडा होता. मी तो तसाच लिहून ठेवला, कारण काय करायचं ते मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना नीट समजावलं. थांबलेली गाडी पुन्हा वेगात आणायला डिझेल सर्वांत जास्त जळतं. एका हाताला थांबलो तर कित्येक किलोमीटरची बचत जाते. त्यांना ते माहीत होतं. ड्रायव्हरला कसं माहीत नसेल. त्यांनी कबूल केलं की आज थांबणार नाही. त्या दिवशी वेग पन्नास होता. व्याहाडच्या अलीकडे एका मोहाच्या झाडाखाली एक म्हातारा उभा होता आणि त्यानं हात दाखवला. मोठ्या बाबांनी दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलं आणि समोर पाहत राहिले. म्हातारा मागे गेला. मी मोबाईलवर पाहिलं. पन्नास, एकावन्न, पन्नास. मला आनंद झाला.

थोडं पुढं गेल्यावर वेग कमी होऊ लागला. मी म्हणालो, "वाढवा थोडं." वैनगंगेच्या पुलाआधी रुंद जागा बघून त्यांनी गाडी कडेला घेतली.

"काऊन थांबलो?"

"थांबलो कुठी. वळवून राह्यलो."

आम्ही परत त्या मोहापाशी आलो. म्हातारा तिथंच होता. मोठ्या बाबांनी खिडकीतून विचारलं, "कुठी जाचं बुवा?"

"कुठी नाई," म्हातारा म्हणाला. "खर्रा हाये का म्हून इचारत होतो."

खर्रा म्हणजे आमच्याकडे सुपारी-तंबाखू घोटून प्लास्टिकच्या पुडीत देतात तो. मोठ्या बाबांनी खिशातली पुडी काढून त्याला अर्धी दिली. म्हाताऱ्यानं गाडीकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "एवढ्यासाठी मांगं आले का तुम्ही?" मोठे बाबा म्हणाले, "रिटायर हावो."

त्या दिवसाचा आकडा आदल्या दिवसापेक्षाही वाईट आला.

यावरून मी त्यांना हसावं किंवा चिडावं असं मला तेव्हा वाटलं नाही, आताही वाटत नाही. ज्या रस्त्यांवर त्यांनी गाडी चालवली तिथं दिवसातून एक-दोनदाच बस येते. तिथं हात दाखवणारा माणूस मागे राहिला म्हणजे त्याचा तो दिवस गेला. कधी दवाखाना गेला, कधी परीक्षा गेली. मीसुद्धा दहावीचे पेपर अशाच एका बसला हात दाखवून दिले आहेत. पण मला आकडा हवा होता, आणि या रस्त्यावर तो मिळणार नव्हता.

मग मी वरोऱ्याचा रस्ता सुचवला. चंद्रपूरहून वरोऱ्याकडे जाणारा रस्ता चौपदरी आहे, मधे दुभाजक आहे, कोळशाचे ट्रक सोडले तर फारसं कुणी आडवं येत नाही, आणि तिथं कुणी हात दाखवत नाही. हात दाखवायला उभं राहण्याजोगी जागाच नाही. मोठ्या बाबांना तो रस्ता आवडला नाही, पण ते आले. आम्ही मुक्काम चंद्रपूरलाच केला, गाडीतच, चाचांच्या वर्कशॉपच्या आवारात. गाडीत झोपण्याची माझी पहिलीच वेळ. मोठे बाबा पलंगावर झोपले नाहीत. ते खाली मधल्या जागेत झोपले. पलंगाची सवय नाही म्हणाले.

तिथं काम नीट झालं. चारही वेग एकेक करून धरले. काही गोष्टी कळल्या त्या थोडक्यात सांगतो. चालत्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी अडवतात, रस्ता आणि वारा. रस्त्याचा अडथळा वेग वाढला तरी फारसा वाढत नाही. वाऱ्याचा मात्र वेगाच्या वर्गानं वाढतो. म्हणजे वेग दुप्पट केला तर वारा चौपट ताकदीनं मागे ढकलतो. चालत्या गाडीतून हात बाहेर काढला की हे अंगाला कळतं. चाळीसला हात तरंगतो, सत्तरला मागे जातो. आमची गाडी म्हणजे उभी पेटी, त्यामुळे सत्तरला ती डिझेल नुसती वाऱ्याला पाजते. मग चाळीस चांगलं का नाही? कारण चाळीसला गाडी वरच्या गिअरमध्ये कुरकुरते, खालचा गिअर टाकावा लागतो. शिवाय इंजिन नुसतं चालू ठेवायलाही डिझेल लागतं, आणि हळू गेलं की तो वेळ लांबतो. या दोन्हींच्या मधे कुठंतरी सर्वांत कमी खाण्याची जागा असते.

पन्नास आणि साठचे आकडे जवळजवळ सारखे आले. म्हणून मी मधला पंचावन्न करून पाहिला. तो दोन्हींहून चांगला निघाला. मोठे बाबाही बरोबर नव्हते, मीही नव्हतो.

पंचावन्नला गाडीनं लिटरला नऊच्या थोडं खाली दिलं. दहाला कमी पडत होतं. मी छपरावरच्या काळ्या टाकीकडे बोट दाखवलं. भर वाऱ्यात उभी राहून ती सगळ्या गाडीला मागे ओढत होती. चाचांनी ती खाली उतरवून पलंगाखाली आडवी बसेल अशी दुसरी चपटी टाकी लावून दिली. ते म्हणाले, "अब पानी भी सोएगा तुम्हारे साथ." टायरमधली हवा तपासली, एअर फिल्टर साफ केला. पुन्हा पंचावन्न. नऊच्या वर गेलं. दुसऱ्यांदा केलं तरी तेवढंच. साडेनऊला थोडं कमी. यापुढं काही काढण्यासारखं उरलं नव्हतं, पलंग सोडून. आणि पलंग काढला तर जायचं कशाला.

गावाकडे परत येताना मोठे बाबा म्हणाले, "तुमच्या गणितात ते असते ना बापू, अर्ध्याच्या वर गेलं का पुरं धराचं."

"साडेनऊच्या खाली आहे, मोठे बाबा. पुरं धरलं तर नऊ होतात."

ते हसले. "मंग नोको धरू."

थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "तू दहा म्हणलं तं ते ऐकते. तुह्यावर भरोसा हाये तिचा."

मी मोबाईलवर वेग पाहत राहिलो. त्यांनीही पुन्हा विचारलं नाही. पुढं दोन माणसांनी हात दाखवला, आम्ही थांबलो, आणि मला ते बरं वाटलं.

मोठी माय अंगणात लाखोळीची कोवळी पानं निवडत बसली होती. धानानंतर त्याच ओलीवर लाखोळी टाकतात, थंडीत तिची भाजी होते. मी तिच्यासमोर बसलो. मोठे बाबा गाडीपाशीच उभे राहिले, टायरला पायानं ठोकत.

"देते का दहा?" तिनं विचारलं.

"नऊच्या वर देते, मोठी माय. साडेनऊच्या जवळ. पंचावन्नच्या स्पीडनं."

"कोणत्या रस्त्यानं?"

"वरोऱ्याच्या."

"ते तं वरोऱ्याले नेऊन नाई राह्यले मले." तिनं पानांची एक मूठ टोपलीत टाकली. मग म्हणाली, "दहा नाई ना?"

"नाही."

"मंग ठीक हाये."

एवढंच झालं. ती रागावली नव्हती, खूशही नव्हती. मोठ्या बाबांनी संध्याकाळी गाडीतली पांघरुणं काढून घरात आणली. मोठ्या मायनं ती घडी करून कपाटात ठेवली, ते मी पाहिलं. गाडी त्यांनी वाडीत चिंचेखाली लावली. माझी आई रात्री मला म्हणाली, "दहा म्हणलं असतं तं काय बिघडलं असतं रे?" मी चुकलो असं मला वाटलं नाही. पण बरोबर असल्याचा काही आनंदही नव्हता. आकडा काढताना मी त्यांच्यासाठी काढत होतो, आणि निघाला तो त्यांच्या विरुद्ध.

मी कॉलेजात परत गेलो. तिथं प्रोजेक्ट दाखवला. सरांनी आलेख पाहिला, पंचावन्नपाशी खाली बसलेली रेघ पाहिली आणि चांगलं म्हणाले. त्यांनी एकच प्रश्न विचारला. पहिल्या दोन दिवसांचे आकडे का वगळले? मी म्हणालो, रस्त्यात थांबावं लागलं. ते म्हणाले, मग बरोबर आहे, ते धरायचे नसतात. मीही मान हलवली. बाहेर आल्यावर मात्र ती बाई आठवली, पलंगावर मांडी घालून बसलेली, आणि ती धरायची नसते हे मला थोडं विचित्र वाटलं.

घरी फोन केला की आई सगळं सांगायची. धान विकलं, वासरू आजारी आहे, वाघ परवा नाल्यापर्यंत आला होता. गाडीचं मी मुद्दाम विचारायचो. "उभी हाये," आई म्हणायची. "कोंबड्या बसतात खाली. तुहे मोठे बाबा रोज सुरू करून बंद करतात." म्हणजे ती एक इंचही न हलता डिझेल खात होती. तिथं ॲव्हरेज शून्य.

मग महाशिवरात्र आली. मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी जत्रा भरते, आमच्या बाजूच्या बाया दरवर्षी जातात. त्या दिवशी काय झालं ते आईनंच फोनवर सांगितलं, आणि ती त्या घोळक्यात स्वतः होती, म्हणून ते खरं असावं.

सकाळपासून बाया फाट्यावर उभ्या होत्या. जत्रेच्या बस भरून येत होत्या आणि न थांबता जात होत्या. ऊन चढलं. मोठी माय पितळेचा गडवा घेऊन त्यांच्यातच होती. तेवढ्यात मोठे बाबा मूलकडून गाडी घेऊन आले. बॅटरी उतरत होती म्हणून फिरवायला नेली होती, असं ते म्हणतात. बायांनी हात दाखवले. गाडी थांबली.

"मोठ्या मायनंही दाखवला का?" मी विचारलं.

"ते म्हणते नाई दाखवला," आई म्हणाली. "म्हणते, मी पदर सावरत होतो. पण हात वर होता बाई, मी पाह्यलं."

सगळ्या बाया चढल्या, पलंगावर, ओट्यावर, खाली. मोठी मायही चढली. मोठ्या बाबांनी आरशातून एकदा पाहिलं आणि गाडी काढली. मार्कंड्याला दर्शन झालं. परतीला बायांना आपापल्या नातेवाइकांच्या ट्रॅक्टरमध्ये जागा मिळाली. आईनं मोठ्या मायला हाक मारली, चल म्हणून. ती गाडीच्या पायरीवर बसून प्रसादाचा नारळ फोडत होती. म्हणाली, "तू हो पुढं. हे म्हणतात आष्टीपर्यंत जाऊन येऊ."

त्या रात्री ते आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. मोठ्या बाबांचा फोन लागत नव्हता, कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर. आष्टीच्या पुढं आलापल्ली, आणि तिच्यापुढं, एटापल्ली-भामरागडकडे, बऱ्याच ठिकाणी रेंज नसते हे सगळ्यांना माहीत होतं, तरी आई रोज मला फोन करून विचारायची की तुझा लागतो का. माझाही लागत नव्हता. वडील म्हणाले, "ड्रायव्हर माणूस हाये, येईल." पण तेही संध्याकाळी फाट्यापर्यंत जाऊन येऊ लागले. मी हॉस्टेलच्या गच्चीवर उभा राहून उगाच आकडेमोड करायचो. टाकी किती, रस्ता कसा, डिझेल कुठपर्यंत पुरेल. प्रत्येक वेळी उत्तर वेगळं यायचं, कारण वाटेत किती हात वर झाले असतील ते मला माहीत नव्हतं.

एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे कोंबडा ओरडत होता आणि कुणीतरी माझ्या ओळखीच्या नसलेल्या बोलीत, बहुधा गोंडीत, हसत होतं. मग मोठ्या मायचा आवाज आला. ती फोनवर नेहमीच मोठ्यानं बोलते.

"हा इथल्या दुकानदाराचा फोन होय. इथीच तेवढी रेंज हाये, एका दगडावर चढून बोलून राह्यलो."

"कुठी आहे तू, मोठी माय?"

"गावाचं नाव ह्यांले इचार. रस्ता इथी संपते."

मोठे बाबा कुठं आहेत विचारलं तर म्हणाली, शाळेच्या पटांगणात आहेत, गाडी पूर्वी लावायचे तिथंच लावली आहे, आणि गावातली जुनी माणसं त्यांना ओळखतात. तिला ड्रायव्हरबाई म्हणतात. हे तिसरं गाव. अजून दोन पाहायची आहेत. तुझ्या आईला सांग, कोंबड्यांना दाणे टाक.

मी विचारलं, "गाडी काय ॲव्हरेज देते?"

"सहा," ती म्हणाली. "आलापल्लीच्या पंपावर काढलं ह्यायनं. मले सांगाले भेत होते." पलीकडे वारा होता, आवाज थोडा तुटला. "मी म्हणलं, चालते."